पीएचडी झाली, आता अर्ज कसा करू?

पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन) आणि प्राध्यापकीच्या अर्जांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. काही नागभीड, तळोधी, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडून, तर काही इथून शिकायला बाहेर गेलेल्या मुलामुलींकडून. बहुतेकांच्या घरात पीएचडी करणारं हे पहिलंच माणूस. प्राध्यापकाच्या घरात जे जेवताना सहज कानावर पडतं, ते यांना पत्र लिहून विचारावं लागतं. म्हणून काही उत्तरं जरा लांबवली आहेत.

‘मी तळोधीकडचा. बंगळुरूच्या एका संस्थेत पोस्टडॉकचं दुसरं वर्ष चालू आहे. ब्रह्मपुरी वनविभागातला माणूस-वाघ संघर्ष हा माझा विषय. वर्षभर आयसर, विद्यापीठं, महाविद्यालयं अशा सगळीकडे अर्ज पाठवतो आहे. शोधनिबंध बरे आहेत, तरी कुठूनच बोलावणं येत नाही. काय चुकतं?’

तुम्ही सोबत जोडलेला सीव्ही आणि संशोधन-आराखडा मी वाचला. काम चांगलं आहे. पण तिन्ही ठिकाणी तुम्ही एकच कागद पाठवला आहे आणि या तिन्ही जागा एकमेकींहून फार वेगळ्या आहेत.

आधी विद्यापीठ आणि महाविद्यालय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे ठरवायला गुणांचे दोन तक्ते दिले आहेत. विद्यापीठाच्या तक्त्यात पीएचडीला ३० गुण आहेत. शोधनिबंधांना प्रत्येकी २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०, आणि अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०. महाविद्यालयाच्या तक्त्यात पीएचडीचे गुण २५ होतात, शोधनिबंधांचे ६वर येतात, आणि पदवी परीक्षेच्या टक्क्यांचं वजन वाढतं. म्हणजे विद्यापीठासाठी पाचव्या निबंधानंतर आणि महाविद्यालयासाठी तिसऱ्यानंतर या रकान्यात तुमच्या पदरात काही पडत नाही. तुमचे निबंध नऊ आहेत. दहाव्यासाठी जीव काढण्यापेक्षा नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा राहिली असेल तर ती आधी द्या. महाराष्ट्रात मुलाखतीला किती आणि शैक्षणिक गुणांना किती वजन द्यायचं, हा हिशेब शासनाने अलीकडे बदलला आहे. त्यामुळे मित्राने सांगितलेल्या सूत्रावर विसंबू नका. ज्या जाहिरातीला अर्ज करता आहात, तिच्यातलं सूत्र वाचा आणि तुमचे गुण स्वतः मांडून बघा. जागा राखीव असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का, हे त्याच दिवशी पाहा. त्या एका कागदामुळे चांगले उमेदवार मागे राहिलेले मी निवड समितीत बसून पाहिले आहेत.

आयसरसारख्या केंद्रीय विज्ञान संशोधन संस्थेत हे तक्ते बाजूला राहतात. तिथे पुढच्या पाच वर्षांत काय करणार, याचा आराखडा वाचला जातो. आराखडा वाचणाऱ्याला एका गोष्टीचं उत्तर हवं असतं: हे काम तुमचं आहे की तुमच्या गाईडच्या कामाचाच पुढचा भाग? तुमच्या आराखड्याचं पहिलं वाक्य आहे, ‘माणूस-वन्यजीव संघर्ष ही जागतिक समस्या आहे.’ हे वाक्य कोणीही लिहील. तुम्ही नागभीड तालुक्यात वाढलात. मार्च ते मे या काळात पहाटे मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला माणसं वाकून, एकेकटी जंगलात असतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे. इथला वाघ ताडोब्याच्या हद्दीत राहत नाही. तो धानाच्या बांध्यांमधून, नाल्याकाठच्या झुडपातून फिरतो. घोडाझरीला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण त्याच्या भोवतीची गावं आणि शेतं आहेत तिथेच आहेत. या सगळ्यातून एक नेमका प्रश्न काढा: मोहफुलाच्या हंगामात माणूस आणि वाघ कोणत्या तासाला, कोणत्या वाटेवर समोरासमोर येतात, आणि वेचणीची वेळ किंवा पद्धत गावाने मिळून बदलली तर काय फरक पडतो? पहिल्या ओळीत हा प्रश्न आला, तर पुढचं पान वाचलं जाईल.

प्रश्न आपल्या भागातला आहे म्हणून तो लहान ठरत नाही, हे गडचिरोलीने जगाला दाखवून दिलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या आजारांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली आला, तो दोन गावांतल्या स्त्रियांवर केलेला होता. १९९९ साली त्याच नियतकालिकात नवजात बाळांच्या घरगुती सेवेवरचा त्यांचा अभ्यास आला, तोही गडचिरोलीतल्या खेड्यांमधला. तुमच्या आराखड्यातून ‘ब्रह्मपुरी’ आणि ‘नागभीड’ ही नावं जवळजवळ पुसली गेली आहेत. ती परत आणा. सोबत दोन गोष्टी जोडा: वनविभागाची परवानगी कशी आणि किती काळात मिळवणार, आणि मोठं अनुदान मिळालं नाही तर पहिल्या वर्षी काय करणार. आराखड्यात हे दोन परिच्छेद दिसले की या माणसाने खरोखर काम केलेलं आहे, हे समितीला कळतं.

गोंडवाना विद्यापीठ २०११ साली सुरू झालं, ते चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठीच. तिथे अर्ज करताना तुमचं इथलं असणं नुसतं पत्त्यात दिसून भागत नाही. विभागातला विद्यार्थी कोणत्या शाळेतून येतो, घरी कोणती भाषा बोलतो, त्याला तुम्ही कोणता विषय कसा शिकवाल, हे अर्जात लिहा. महाविद्यालयासाठी तर बी.एस्सी.च्या कोणत्या वर्षाचे कोणते पेपर मराठीतून शिकवू शकता, ते स्पष्ट यायला हवं. मुलाखतीत बहुतेक वेळा दहा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात. पोस्टडॉक झालेली मुलं तिथे स्वतःच्या शोधनिबंधावरच बोलत सुटतात. त्याऐवजी प्रथम वर्षाचा साधा धडा घ्या. एखाद्या रविवारी तळोधीच्या तुमच्या जुन्या शाळेत जाऊन दहावीच्या मुलांसमोर तो शिकवून पाहा. मुलं कंटाळली की लगेच कळतं. प्रयोगशाळेतले सहकारी कंटाळले तरी तोंडावर सांगत नाहीत.

‘मी पुण्यात जीवरसायनशास्त्रात पोस्टडॉक करते. शिफारसपत्र मागितलं की सर म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. दुसरं म्हणजे प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या दोन मुलींना प्रत्यक्षात मीच सांभाळते, पण कागदावर गाईड सर आहेत. हे अर्जात लिहावं का?’

‘लिहून आण, सही करतो’ हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तुमचंच करतं. आपल्याच कौतुकाचं पत्र माणूस एकतर अतिशय सावधपणे लिहितो किंवा विशेषणांनी भरून टाकतो. दोन्ही पत्रं समितीला ओळखू येतात. सरांना थेट नकार द्यायची गरज नाही. एक पान तयार करा. त्यात तुम्ही त्यांच्याकडे केलेली कामं, तारखा, निबंधात तुमचा वाटा कोणता, कोणतं यंत्र तुम्ही उभं केलं, कोणती चुकीची पद्धत दुरुस्त केली, एवढंच लिहा, मत एकही नको. ते त्यांच्या हाती देऊन म्हणा, ‘सर, माहिती सगळी यात आहे. तुमच्या मते मी स्वतंत्रपणे प्रयोगशाळा चालवू शकते का, एवढी दोन वाक्यं तुमच्या शब्दांत हवीत.’ बहुतेक ज्येष्ठ माणसं एवढं करतात. शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी मागा, आणि आठवडाभर आधी एक सभ्य आठवण करा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं सगळं भवितव्य एका सहीवर टांगू देऊ नका. आपल्याकडे ‘गाईड’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो आणि तोच सगळं बघेल असं आपण धरून चालतो. एक माणूस सगळं बघू शकत नाही. प्रयोगाचं सर जाणतात. अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, हे शेजारच्या विभागातल्या, अलीकडे लागलेल्या बाई जास्त चांगलं सांगतील. नोकरी आणि लहान मूल दोन्ही कसं जमवायचं, हे तिसरंच कोणी सांगेल. अशी तीन-चार माणसं ठरवून धरा आणि प्रत्येकाकडे नेमकं एकच काम घेऊन जा. इंडियाबायोसायन्स ही संस्था २००९पासून ‘यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग’ भरवते. तिथे नवे प्राध्यापक, पोस्टडॉक आणि संस्थांचे संचालक एकत्र येतात. तुमच्या विषयातल्या माणसाने तिथे जायलाच हवं.

आता त्या दोन मुलींचं. हो, लिहा. खोटं कशाला बोलायचं? ‘अधिकृत मार्गदर्शक सर, दैनंदिन मार्गदर्शन माझं’ असं साफ लिहा. पण ‘दोन विद्यार्थिनींना मार्गदर्शन केलं’ एवढ्याने काहीच कळत नाही. एकेक मुलगी आली तेव्हा तिला काय येत नव्हतं, तुम्ही काय केलं, तुमच्या शिकवण्यात तुम्हाला काय बदलावं लागलं आणि जाताना ती काय करू शकत होती, हे लिहा. तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की त्यांतली एक मुलगी धानोऱ्याची, घरी गोंडी बोलणारी. प्रयोगाची वही इंग्रजीत लिहायला घाबरायची, म्हणून पहिले दोन महिने तुम्ही तिला वही मराठीत लिहू दिली आणि मगच इंग्रजीकडे आणलं. अध्यापनाच्या निवेदनात मला हेच वाचायचं आहे. ते तुम्ही मला लिहिलंत आणि अर्जात मात्र लिहिलं नाही!

मार्गदर्शन करणं काहींना उपजतच येतं, असं आपल्याकडे मानतात. मला हे मान्य नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१९ साली विज्ञानातल्या मार्गदर्शनावर मोठा अहवाल काढला. त्याचा गाभाच असा की हे कौशल्य शिकता येतं, शिकवता येतं आणि मोजताही येतं. तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पोस्टडॉकच्या पगारासाठी पैसे मागायचे तर त्याला मार्गदर्शन कसं करणार, याची लेखी योजना अर्जासोबत द्यावीच लागते. तुम्ही ती तुमच्यापुरती आजपासून सुरू करा. नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात एका पानावर दोघांनी मिळून लिहा: भेट कोणत्या वारी, सुटी कशी मागायची, प्रयोग फसला तर आधी कोणाला सांगायचं, निबंधात नाव कोणत्या कामावर आणि कोणत्या क्रमाने येईल. नावाची गोष्ट तर पहिल्याच दिवशी बोला.

तुमची आई नागभीडची आहे असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून सांगतो. याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, अल्पभूधारक शेतकरी. १९८३च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, हंगामामागून हंगाम निवडत वाढवल्या, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. आज तो कितीतरी राज्यांत पिकतो. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच वाणावर शुद्धीकरणाचं काम करून पीकेव्ही-एचएमटी नावाचा वाण प्रसारित केला आणि मूळ श्रेय कोणाचं यावरून मोठा वाद झाला. राष्ट्रीय पातळीवर त्यांचा सन्मान झाला, पण फार उशिरा. २०१८ साली ते गेले ते हलाखीतच. प्रयोगशाळेत काम कोणी केलं, कधी केलं, हे वहीत तारखेसह लिहिलेलं असणं किती मोलाचं आहे, हे आपल्या तालुक्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. त्या दोन मुलींच्या वह्या नीट राहतील आणि त्यांची नावं निबंधात योग्य जागी येतील, हे पाहणं तुमचं काम आहे. तुमचं नाव योग्य जागी आहे का, हे सरांशी बोलणंही तुमचंच.

‘मुलगा पीएचडी झाला, डॉक्टर झाला, तरी अजून शिकतोच म्हणते. एका कॉलेजातून निरोप आला की जागा पक्की आहे पण रक्कम लागेल. माझी चार एकर धानाची आहे. दोन विकू का? मुलगा नको म्हणते, रागावते.’

भाऊ, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. विकू नका.

आधी मुलाचं. तो शिकत नाही, पोस्टडॉकची नोकरी करतो आहे. पोस्टडॉकला दरमहा छात्रवृत्ती मिळते, घरभाडं मिळतं, कामाचा हिशेब द्यावा लागतो. फक्त ती नोकरी दोन-तीन वर्षांचीच असते आणि तिच्यामागे पेन्शन नसते, म्हणून ती तुम्हाला नोकरीसारखी दिसत नाही. ही वर्षं वाया जात नाहीत. प्राध्यापकाच्या जागेसाठी त्यांचे गुण धरतात, आणि कित्येक मोठ्या संस्थांत तर पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत.

आता पैशांचं. हे सगळीकडे बोललं जातं आणि कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून लिहितो. अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकाचा पगार सरकारच्या तिजोरीतून होतो. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारीही लोकसेवक धरले आहेत. त्यांनी जागेसाठी पैसे मागणं ही लाच आहे, देणगी नाही. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. म्हणजे जमीन तर जाईलच, वर गुन्हा तुमच्याच अंगावर येऊ शकतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा फोन नंबर आहे. तक्रार पैसे द्यायच्या आधी करायची असते. निरोप आणणाऱ्याने काही चिठ्ठी किंवा फोनवरचा संदेश दिला असेल, तर तो जपून ठेवा.

मुलगा रागावतो, कारण त्याला नोकरी स्वतःच्या कामावर हवी आहे. त्याला एवढंच विचारा: छात्रवृत्ती कोणत्या महिन्यात संपते, तोवर कुठे कुठे अर्ज करणार, आणि मधले काही महिने पगार नसेल तर घरून किती लागेल? ही रक्कम दोन एकरांच्या किमतीच्या जवळपासही येणार नाही.

‘ब्रह्मपुरीकडे तासिका तत्त्वावर शिकवते. रसायनशास्त्रात पीएचडी आहे, नेट-सेट नाही. वय ३८. आता पोस्टडॉक करायला उशीर झाला का?’

नाही, पण आधी सेट द्या. जुलै २०२३मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता म्हणून जाहीर केली आणि पीएचडी ऐच्छिक ठेवली. नुसत्या पीएचडीवर किती दारं उघडतील, हे जाहिरातीगणिक पाहत बसण्यापेक्षा हा अडथळाच दूर करा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि तिला वयाची मर्यादा नाही. महाविद्यालयाच्या गुणतक्त्यात सेटला ५, नेटला ८ आणि जेआरएफसह नेटला १० गुण आहेत.

राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची वयोमर्यादा ३५ आहे. महिलांना तिच्यात पाच वर्षांची सवलत मिळते, म्हणजे तुमच्याकडे अजून थोडा वेळ आहे. त्याखेरीज केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची महिलांसाठी वाइज-पीडीएफ ही योजना आहे, तिची वयोमर्यादा साठपर्यंत जाते. घर सोडून जायचं नसेल तर नागपूरच्या एखाद्या संस्थेतला मार्गदर्शक शोधा. पत्र पाठवताना त्यांचा अलीकडचा एक निबंध वाचून, त्यात तुम्ही काय भर घालू शकता, एवढंच चार ओळींत लिहा. ‘आदरणीय महोदय, मला आपल्या प्रयोगशाळेत संधी द्यावी’ अशी पत्रं त्यांना रोज येतात.

तासिकेचा अनुभव सगळीकडे धरतीलच असं नाही. पदोन्नतीसाठी मागची कंत्राटी सेवा धरताना यूजीसीची एक अट आहे: त्या काळातलं वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं. तासिकेत ती अट पुरी होत नाही. तरी दरवर्षीचं नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता आणि शिकवलेल्या पेपरची यादी, हे तिन्ही एका फाइलीत ठेवा. प्राचार्यांचं प्रमाणपत्र वर्ष संपतानाच घ्या. प्राचार्य बदलले की जुन्या वर्षांचं पत्र मिळवताना फार त्रास होतो.

‘एका नियतकालिकाने पंधरा दिवसांत निबंध छापून देतो म्हणून पैसे मागितले. यूजीसीच्या यादीत आहे म्हणतात.’

यूजीसीने ती केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. आता नियतकालिक कसं पारखायचं, याचे निकष दिले आहेत आणि जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. पंधरा दिवसांत परीक्षण करून निबंध छापणारं नियतकालिक खरं परीक्षण करत नाही. पैसे देऊ नका. निबंध आधीच पाठवला असेल तर लेखी पत्राने मागे घ्या, आणि त्यांचं उत्तर हाती आल्याशिवाय तो दुसरीकडे पाठवू नका.